राष्ट्रपतीच्या निवडणुकीत राज्यांचा शब्द

श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. या पदाची मुदत पाच वर्षांची, आणि मुदत संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पुरी झाली पाहिजे असा घटनेचा दंडक आहे. म्हणजे १७ व्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक जुलै २०२७ च्या आत व्हावयास हवी. देशाच्या नव्या शिरगणतीसाठी केंद्र सरकारने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक २०२५ मध्येच ठरविला आहे. निवडणूक आणि शिरगणती यांचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. राष्ट्रपती निवडताना कोणत्या राज्याचा शब्द किती वजनाचा, हे शिरगणतीवरून ठरते. आणि ही शिरगणती प्रसिद्ध झाली की गेली पन्नास वर्षे गोठवून ठेवलेला तो तराजू पुन्हा हलू लागणार आहे. तेव्हा राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांची निवड कशी व्हावी या प्रश्नाचा विचार करावयाचा तो आताच केला पाहिजे. आकडे हाती आल्यावर जो विचार होईल, तो विचार नसून सौदा असेल.

प्रथम व्यवस्था काय आहे ते पाहू. राष्ट्रपतीला जनता थेट निवडीत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून त्याची निवड करतात. दिल्ली व पुदुच्चेरी यांच्या विधानसभांना हा हक्क १९९२ च्या ७० व्या घटनादुरुस्तीने मिळाला. परंतु प्रत्येक आमदाराचे मत सारख्या किमतीचे नसते. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागावयाचे आणि आलेल्या भागाकाराला पुन्हा एक हजाराने भागावयाचे, की एका आमदाराच्या मताचे मूल्य निघते. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार आणि आमदार २८८; म्हणून आमच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. उत्तर प्रदेशात ते २०८, तामिळनाडूत १७६, केरळात १५२, गोव्यात २० आणि सिक्कीममध्ये अवघे ७ आहे. सर्व राज्यांच्या मतांची बेरीज करून तिला खासदारांच्या संख्येने भागले म्हणजे एका खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. ते पूर्वी ७०८ होते; २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच नसल्यामुळे ते ७०० वर आले. त्या वर्षी राज्यांची एकूण मते ५,४३,२३१ आणि खासदारांची ५,४३,२०० होती. दोन्ही पारडी जवळजवळ समतोल! घटनाकारांना हेच अभिप्रेत होते. एका पारड्यात संघ आणि दुसऱ्या पारड्यात राज्ये, अशी ही रचना आहे.

ही रचना सहजासहजी झालेली नाही. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी घटना समितीत राष्ट्रपतीची निवड प्रौढ मतदानाने थेट जनतेकडून व्हावी असा आग्रह धरला होता. पंडित नेहरूंनी तो मान्य केला नाही. आपण मंत्रिमंडळाच्या हाती सत्ता देणारी संसदीय पद्धती स्वीकारीत आहोत. ज्याला प्रत्यक्ष सत्ता द्यावयाची नाही त्याला साऱ्या देशाच्या मतांनी निवडावयाचे, यात विसंगती आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पण केवळ संसदेनेच त्याला निवडावे हेही त्यांना पटत नव्हते. कारण तसे झाले तर ज्या पक्षाचे मंत्रिमंडळ त्याच पक्षाचा राष्ट्रपती, आणि पंतप्रधानामागे जे बहुमत तेच त्याच्या मागे, असा प्रकार झाला असता. या दोन टोकांतून मार्ग काढण्यासाठी राज्यांच्या विधानसभा निर्वाचक मंडळात आणण्यात आल्या. राज्यांचा समावेश हा शोभेसाठी केलेला उपचार नव्हता. राष्ट्रपतीचे निराळेपण त्यावरच उभे आहे.

थेट निवडणुकीची मागणी आजही अधूनमधून डोके वर काढते, आणि तिच्यात एक प्रकारचे आकर्षण आहे हे आम्ही नाकारीत नाही. ज्या देशात सरपंचही थेट जनतेतून निवडण्याचे प्रयोग होतात, तेथे राष्ट्रप्रमुखाला जनतेपासून दूर का ठेवावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शेजारच्या श्रीलंकेकडे दृष्टी टाकावी. तेथे १९७८ च्या घटनेने अध्यक्षाला जनतेने थेट निवडावयाचे ठरविले आणि संसदेला जबाबदार असा पंतप्रधानही ठेवला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना पदावरून दूर केले, राजपक्षे यांना त्या जागी बसविले आणि पुढे संसदच विसर्जित केली. न्यायालयाने ते विसर्जन अवैध ठरवून विक्रमसिंघे परत येईपर्यंत सुमारे सात आठवडे त्या देशात दोन पंतप्रधान आपापला हक्क सांगत होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपल्याकडचे जुने शहाणपण आहे. जनतेचा कौल घेऊन आलेला राष्ट्रपती आणि जनतेचाच कौल घेऊन आलेला पंतप्रधान यांच्यात मतभेद झाला, तर निवाडा कोणी करावयाचा? शिवाय थेट निवडणुकीत राज्य हे एकक म्हणून नाहीसेच होते. उरते ती फक्त डोक्यांची बेरीज. म्हणून अप्रत्यक्ष निवडणुकीची पद्धतीच आम्हांला योग्य वाटते. मात्र ती पद्धती ज्या तत्त्वासाठी निर्माण झाली ते तत्त्व तिच्यात शिल्लक उरले आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

येथे एक आक्षेप येतो. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच वागावयाचे असेल, तर त्याच्या निवडणुकीत राज्यांचा आवाज मोठा की लहान याने काय बिघडते? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण गेल्या अर्धशतकाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. राष्ट्रपतीच्या सहीचा खरा चटका बसतो तो राज्यांना. राज्यपालाची नेमणूक त्याच्या सहीने होते. राज्य विधानमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालाने राखून ठेवले, तर ते त्याच्याच संमतीसाठी जाते. आणि राज्याचे निवडून आलेले सरकार बाजूला सारून तेथे केंद्राची राजवट लादणारी उद्घोषणा त्याच्याच नावाने निघते. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याला स्पष्टपणे दिला. तो कसा वापरता येतो हे श्री. के. आर. नारायणन यांनी दाखवून दिले. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट आणण्याची शिफारस त्यांनी गुजराल मंत्रिमंडळाकडे परत पाठविली. १९९८ मध्ये बिहारविषयीची तशीच शिफारस त्यांनी वाजपेयी मंत्रिमंडळाकडे परत पाठविली. दोन निरनिराळ्या पक्षांची सरकारे, दोन निरनिराळी राज्ये, पण राष्ट्रपतीची कसोटी एकच! त्या दोन्ही वेळी मंत्रिमंडळांना आपला आग्रह तूर्त सोडावा लागला.

आणि महाराष्ट्राला तर ही गोष्ट सांगावयास नकोच. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी या राज्यातील राष्ट्रपती राजवट उठविण्यात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. कामकाजाच्या नियमांतील एका अपवादाचा आधार घेऊन पंतप्रधानांच्या अधिकारात ती शिफारस गेली आणि राष्ट्रपतींची सही झाली. सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधीही झाला. त्या पहाटेचे राजकीय गुणदोष ज्याने त्याने आपापल्या मताप्रमाणे ठरवावेत. आमचा मुद्दा एवढाच, की दिल्लीतील एका सहीने साडेअकरा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्याचे भवितव्य दोन तासांत फिरू शकते. ज्याची सही इतकी वजनदार, त्याला निवडताना त्या राज्याच्या शब्दाला वजन नसावे, हे चालावयाचे नाही.

आता त्या वजनाकडे वळू. आज जो हिशेब होतो तो १९७१ च्या लोकसंख्येवर होतो, याचे कारण ऐतिहासिक आहे. कुटुंबनियोजनाचे काम ज्या राज्यांनी निष्ठेने केले त्यांचीच राजकीय ताकद त्यामुळे घटावी, हा उफराटा न्याय टाळण्यासाठी ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये हा आकडा गोठविला. पुढे २००१ मध्ये ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. लोकसभेच्या जागांची राज्याराज्यांतील वाटणीही याच तरतुदीने थांबलेली आहे. म्हणजे २०२७ ची शिरगणती हाच तो उंबरठा. तिचे आकडे निवडणुकीपूर्वी प्रसिद्ध झाले नाहीत तर १७ व्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक जुन्या मापाने होईल. परंतु त्या पुढच्या निवडणुकीत जुने माप आपोआप गळून पडेल. त्यासाठी कोणाला काही करावे लागणार नाही. काही केले नाही म्हणजेच ते होईल.

त्याचा परिणाम काय, याचा अंदाज २०११ च्या शिरगणतीवरून बांधता येतो. १९७१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत तामिळनाडूचा वाटा शेकडा ७.५ होता; २०११ मध्ये तो ६ वर आला. केरळचा ३.९ वरून २.८ वर आला. उलट आजच्या सीमांप्रमाणे उत्तर प्रदेशाचा वाटा १५.३ वरून १६.५ वर, बिहारचा ७.७ वरून ८.६ वर आणि राजस्थानचा ४.७ वरून ५.७ वर गेला. मताच्या मूल्यात हे अधिकच डोळ्यांत भरते. आज बिहारच्या आमदाराचे मत १७३ आणि तामिळनाडूच्या आमदाराचे १७६, म्हणजे दोन्ही जवळजवळ बरोबरीची आहेत. २०११ चे आकडे लावले तर तामिळनाडूचे मत ३०८ होते आणि बिहारचे ४२८! खासदारांच्या पारड्यातही हेच घडेल, कारण लोकसभेच्या जागांची फेरवाटणी झाली की त्याच राज्यांच्या खासदारांची संख्या वाढणार. दक्षिणेकडील राज्यांचे नुकसान अशा रीतीने दुहेरी होणार आहे. एकदा खासदारांच्या पारड्यात, आणि पुन्हा आमदारांच्या पारड्यात.

याची दुसरी बाजू आम्ही दृष्टीआड करू इच्छीत नाही. बिहारमधील नागरिकानेही काही अपराध केलेला नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर आजच्या माणसाचे मूल्य ठरवावे, आणि आपण तामिळनाडूत जन्मलो नाही एवढ्याच कारणाने आपल्या प्रतिनिधीचे मत हलके ठरावे, हे त्याला अन्यायाचे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. घटनेच्या ५५ व्या कलमात राज्यांच्या प्रतिनिधित्वाचे मान शक्यतो सारखे असावे असेही म्हटलेले आहे. दोन न्याय एकमेकांसमोर उभे आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

पण म्हणूनच या दोघांना आपापल्या जागा दिल्या पाहिजेत. नागरिकांची डोकी मोजण्याचे घटनेतील स्थान लोकसभा हे आहे. तेथील जागांची वाटणी कशी व्हावी हा स्वतंत्र आणि फार मोठा वाद आहे. त्यात आज आम्ही शिरत नाही. ती वाटणी कशीही झाली तरी तिचे प्रतिबिंब खासदारांच्या मतांतून राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पडणारच आहे. वाढत्या लोकसंख्येला तिचा न्याय्य वाटा त्या पारड्यात मिळेल. दुसरे पारडे राज्यांचे आहे. तेही त्याच आकड्यांनी भरावयाचे तर दोन पारडी ठेवण्याचे प्रयोजनच काय? आमची सूचना अशी, की राज्यांच्या पारड्यातील परस्परांचे प्रमाण आज आहे तेच पुढे चालू ठेवावे, आणि हा प्रश्न लोकसभेच्या जागांच्या प्रश्नापासून वेगळा करावा. बेरजेत संघ आणि राज्ये समतोल राहतील. नागरिकांच्या संख्येला एका बाजूने मान मिळेल, आणि राज्यांमध्ये १९७१ पासून चालत आलेला समझोता दुसऱ्या बाजूने टिकेल. यात कोणाचेही सर्वस्वी समाधान होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण संघराज्य हे कोणाच्याच सर्वस्वी समाधानावर चालत नसते.

ही दुरुस्ती एकट्या संसदेला करता येणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीची ५४ व ५५ ही कलमे बदलावयाची तर निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागते. म्हणून तिला वेळ हवा. आकडे प्रसिद्ध होऊन कोणाचा किती लाभ हे पैपैने कळल्यानंतर अशी मान्यता मिळविणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

उपराष्ट्रपतीच्या बाबतीत तर राज्यांना शब्दच नाही. १९५२ मध्ये डॉ. राधाकृष्णन त्या पदावर अविरोध आले, तेव्हा संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत ही निवड करावी अशी तरतूद होती. १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने बैठकीची अट गेली, पण मतदार तेच राहिले. राज्यसभेचे नियुक्त सदस्य, ज्यांना राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नाही, ते येथे मत देतात. राज्यांच्या आमदारांना मात्र येथे प्रवेश नाही. राज्यसभेचे अध्यक्षस्थान सांभाळणे हेच उपराष्ट्रपतीचे नित्याचे काम, राष्ट्रपतीच्या जागी काम करण्याचा प्रसंग क्वचित यावयाचा. मग त्यासाठी राज्यांच्या आमदारांना कशाला बोलवावयाचे, असे समर्थन डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत केले होते. त्या वेळी ते समर्थन पटण्याजोगे होते. परंतु पुढे काय झाले? ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच निवर्तले आणि उपराष्ट्रपती श्री. गिरी यांच्याकडे कार्यभार आला. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी श्री. फक्रुद्दीन अली अहमद निवर्तले आणि उपराष्ट्रपती श्री. बी. डी. जत्ती यांना पाच महिन्यांहून अधिक काळ राष्ट्रपतीचे काम पाहावे लागले.

त्या पाच महिन्यांत काय घडले ते आठवावे. केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले, आणि नऊ राज्यांतील काँग्रेस मंत्रिमंडळे दूर करून तेथील विधानसभा विसर्जित कराव्यात, असा सल्ला एप्रिलअखेर श्री. जत्तींपुढे आला. श्री. जत्तींनी सही करण्यास प्रथम विलंब लावला. देशभर तर्कवितर्क झाले. अखेरीस त्यांनी सही केली. सही योग्य की अयोग्य हा प्रश्न आता इतिहासाचा आहे. पण ज्या नऊ राज्यांच्या विधानसभा त्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने गेल्या, त्यांपैकी एकीलाही तो हात निवडताना कधी विचारलेले नव्हते, ही गोष्ट घटनेतील उणीव म्हणून नोंदविली पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी ज्याला क्वचित म्हटले, तो प्रसंग आला तेव्हा तो नेमका राज्यांवरच आला.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. २१ जुलै २०२५ रोजी श्री. जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन मुदतीपूर्वीच उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. ९ सप्टेंबरला निवडणूक झाली. तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले श्री. सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती श्री. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते पडली. व्यक्ती म्हणून दोघांविषयीही आम्हांला आदर आहे. पण मतदानापूर्वीच निकाल ठाऊक होता, हे कोणीही मान्य करील. केवळ खासदारांनी मत द्यावयाचे म्हटले, की ही निवडणूक म्हणजे मंत्रिमंडळावरील विश्वासाच्या ठरावाची दुसरी आवृत्ती होऊन बसते. राष्ट्रपतीच्या बाबतीत पंडित नेहरूंना जे नको होते, ते उपराष्ट्रपतीच्या बाबतीत आपण नियम म्हणून स्वीकारले आहे. आणि हा गृहस्थ ज्या सभागृहात अध्यक्षस्थानी बसतो, ते तर राज्यांचे सभागृह! आमचे मत असे, की राष्ट्रपतीचे निर्वाचक मंडळ तेच उपराष्ट्रपतीचेही असावे. त्याला पदावरून दूर करण्याच्या ठरावाचा आरंभ राज्यसभेतच होतो. ती तरतूद तशीच राहावी, म्हणजे सभापती म्हणून त्याचे उत्तरदायित्व कोठेही ढिले पडणार नाही. गंमत अशी, की उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीचे ६६ वे कलम बदलण्यास राज्यांची मान्यताही आवश्यक नाही. संसदेने मनावर घेतले तर एका अधिवेशनात हे होऊ शकते.

परंतु माप दुरुस्त केले आणि मंडळ विस्तारले, तरी तेवढ्याने राज्यांचा शब्द खरा होणार नाही. शब्द उच्चारणाऱ्याला तो आपला वाटला पाहिजे. आज आमदार मत देतो, पण निवड करीत नाही. २०२२ मध्ये दोन्ही बाजूंनी आपापले उमेदवार २१ जूनला जाहीर केले आणि मतदान १८ जुलैला झाले. साऱ्या राष्ट्राच्या प्रमुखाविषयी विचार करावयास ४,८०९ मतदारांना चार आठवडेही मिळाले नाहीत. आणि विचार करण्याची अपेक्षा तरी कोणाची होती? वस्तुतः या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही. मतदान गुप्त आहे आणि पक्षांतरबंदीचा कायदा येथे लागू नाही. अमेरिकेतील अध्यक्षाचे निर्वाचक प्रारंभी स्वतंत्र विचाराने मत देण्यासाठी निर्माण झाले आणि पुढे पक्षांचे निरोपे होऊन बसले. त्यांना तसे बांधून घालण्याचा राज्यांचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्यही केला. आपल्याकडे कायद्याने मतदाराला मोकळे ठेवले आहे. बेडी आहे ती सवयीची.

ती सवय मोडता येते याचे दाखले आहेत. १९६९ च्या निवडणुकीत श्री. गिरी आणि श्री. नीलम संजीव रेड्डी यांच्याबरोबर आपले चिंतामणराव देशमुख हे तिसरे प्रमुख उमेदवार होते. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा त्याग करणाऱ्या या पुरुषाला पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते मिळाली. कोणालाच आवश्यक कोटा गाठता न आल्यामुळे दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि श्री. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते विजयी झाले. दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी जाण्याचा तो एकच प्रसंग. त्या निवडणुकीमागे काँग्रेस पक्षातील कलह होता हे खरे. पण मतदारांपुढे खरी निवड होती, आणि त्यांनी ती केली, हेही तितकेच खरे. २००७ मध्ये शिवसेनेने भारतीय जनता पक्षाशी युती असतानाही श्रीमती प्रतिभा पाटील यांना मते दिली. त्या मागील भावना प्रांतीय होती असे कोणी म्हणेल. आमच्या मते राज्याने राज्य म्हणून बोलण्याचे ते एक उदाहरण होते.

उमेदवारीचे नियमही पाहिले पाहिजेत. प्रारंभी एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे होता. त्याचा परिणाम म्हणून १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे राहिले आणि त्यांपैकी कित्येकांना एकही मत पडले नाही. हा पोरखेळ थांबविण्यासाठी १९७४ मध्ये दहा दहा आणि १९९७ मध्ये पन्नास पन्नास सूचक-अनुमोदकांची अट आली. पोरखेळ थांबला हे चांगलेच झाले, परंतु दार अरुंद करताना ते केवळ मोठ्या पक्षांच्या मापाचे झाले. संख्या तीच ठेवावी, पण सूचक व अनुमोदक निदान पाच राज्यांतील असावेत, अशी अट घातली तर उमेदवाराला प्रारंभीच दिल्लीबाहेर पाहावे लागेल. नामनिर्देशन आणि मतदान यांत किमान सहा आठवडे असावेत, म्हणजे विधानसभांच्या सदस्यांना उमेदवाराला भेटता येईल, राज्यांच्या प्रश्नांवर त्याची भूमिका विचारता येईल. आणि नाव ठरविण्यापूर्वी पंतप्रधानांनी सर्व मुख्यमंत्र्यांशी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, विचारविनिमय करावा हा संकेत रूढ व्हावा. त्याला कायदा लागत नाही, सौजन्य पुरते.

या सर्व प्रश्नात महाराष्ट्राचे स्थान विलक्षण आहे, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. १९७१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा शेकडा ९.२ होता, २०११ मध्ये तो ९.३ होता. तराजू जुना राहो वा नवा येवो, महाराष्ट्राचे वजन जवळजवळ तेच राहते. दक्षिणेला गमावण्याचे भय आहे, उत्तरेला मिळविण्याची आशा आहे. आपल्याला यातील एकही नाही. ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही त्यानेच पंच व्हावे, ही आपल्या गावगाड्याची जुनी रीत आहे. भूगोलानेही आपल्याला उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर बसविले आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या विषयावर सर्वपक्षीय ठराव करून तो संसदेपुढे मांडावा, असे आम्ही सुचवितो. दक्षिणेकडील एखाद्या राज्याने असा ठराव केला तर तो गाऱ्हाणे ठरेल, उत्तरेने केला तर तो दावा ठरेल. महाराष्ट्राने केला तर त्याला न्यायाचे रूप येईल.

राष्ट्रपती भवनात कोण जाईल, याची चर्चा निवडणूक जवळ येईल तशी रंगेल. नावे उठतील, जातींची आणि प्रांतांची गणिते मांडली जातील. त्या गलबल्यात मूळ प्रश्न हरवू नये. कोण निवडला जातो याइतकेच, त्याला कोणी निवडले याला महत्त्व आहे. कारण मध्यरात्री किंवा पहाटे एखाद्या राज्यासंबंधीचा कागद सहीसाठी समोर येतो, तेव्हा त्या माणसाला आठवावयाचे ते आपल्याला निवडणाऱ्यांचेच चेहरे. त्या चेहऱ्यांत केवळ दिल्लीचे बहुमत न दिसता चेन्नई आणि पाटणा, मुंबई आणि गंगटोक हेही दिसावेत, म्हणून घटनाकारांनी तो तराजू घडविला. तो आपल्या दुर्लक्षाने कलू देऊ नये. वेळ थोडा आहे, पण आहे.